ध्रुवीय रात्रीत उंचीचा नियम उलटतो

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला अंटार्क्टिकावरचा लेख आवडीने वाचला. एका वाक्यापाशी मात्र अडलो. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला ६.५ अंशांनी उतरते आणि ध्रुवावरही तसेच होते, असे लेखात म्हटले आहे. हिवाळ्यातल्या ध्रुवावर जमिनीलगत याच्या नेमके उलट घडते: वर जावे तसे तापमान वाढते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. माझे आयुष्य भूगोल शिकवण्यात गेले. हा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आणि 'काही वेळा तापमानाची विपरीतता आढळते' एवढे एक वाक्य सांगून पुढच्या धड्याकडे वळलो. ती 'काही वेळ' एका अख्ख्या खंडावर जवळजवळ निम्मे वर्ष ठाण मांडून बसते, हे विद्यार्थ्यांना सांगायचे राहून गेले. ते आता लिहितो आहे.

लेखात एक गोष्ट अगदी बरोबर आहे. दक्षिण ध्रुव हा २,८३५ मीटर उंचीवरच्या बर्फाच्या पठारावर आहे, तर उत्तर ध्रुवावर समुद्रावर तरंगणारा बर्फ आहे. त्यामुळे दक्षिण ध्रुव जास्त गारठतो. पण ही झाली जमिनीची उंची. त्याच जमिनीवरून हवामानाचा फुगा सोडला तर त्याला वाटेत कोणते तापमान भेटेल, हा प्रश्न निराळा. लेखात या दोन उंचींची गल्लत झाली आहे, आणि ती बहुतेकांची होते.

दक्षिण ध्रुवावरून जुलै महिन्यात रेडिओसोंड, म्हणजे तापमान मोजून रेडिओने कळवणारे छोटे उपकरण, बांधलेला फुगा वर सोडला आहे असे समजा. बर्फालगत हवेचे तापमान उणे ६० अंशांच्या आसपास असते. फुगा वर चढू लागला की पारा उतरण्याऐवजी चढू लागतो. काहीशे मीटरवर पोहोचेपर्यंत तो उणे ४० च्या जवळ येतो. जवळपास वीस अंशांची ऊब, आणि तीही वर. त्यानंतर मात्र नेहमीची घसरण सुरू होते.

असे का होते हे समजायला, मुळात वर गेल्यावर थंडी का वाढते याकडे वळायला हवे. ऊन हवेला थेट फारसे तापवत नाही. ते जमिनीला तापवते. जमीन खालून हवेला ऊब देते, तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने पसरते आणि पसरताना थंड होते. म्हणजे उंचीचा नियम खरे तर उन्हाने तापलेल्या जमिनीचा नियम आहे. ध्रुवीय रात्रीत ऊनच नसते. बर्फ मात्र अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता आकाशाकडे सतत सोडत राहतो, आणि या कामात तो फार तरबेज असतो. वरची हवा कोरडी, बाष्प जेमतेम, ढग विरळ. त्यामुळे गेलेल्या उष्णतेतली फार थोडी परत मिळते. बर्फ निवत जातो, आपल्याला चिकटलेल्या हवेलाही निववतो, आणि ही जड हवा तळाशी बसून राहते. वरच्या हवेला कमी अक्षांशांकडून येणाऱ्या वाऱ्यांची ऊब मिळत राहते. खाली थंड व जड, वर उबदार व हलकी, अशी रचना एकदा झाली की ढवळणे थांबते. चुलीवरच्या भांड्यात पाणी तळापासून उकळ्या घेते. इथे तळच गार आहे.

हे किती टोकाला जाते ते पाहायचे तर कॉन्कॉर्डिया केंद्राकडे बघावे. फ्रान्स आणि इटली यांचे हे संयुक्त केंद्र पूर्व अंटार्क्टिकावर, ३,२३३ मीटर उंचीवर आहे. तिथल्या सुमारे ४५ मीटरच्या मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीला तापमापक लावले आहेत. वारा पडलेल्या हिवाळी रात्री तिथे दर मीटरला एक अंशाहूनही अधिक फरक नोंदला गेला आहे. म्हणजे उभ्या माणसाच्या पायांशी असलेली हवा आणि डोक्याजवळची हवा यांत दोनेक अंशांचे अंतर. 'त्या दिवशी तापमान किती होते?' या प्रश्नाला तिथे 'कोणत्या उंचीवर?' असे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

सर्वांत थंड जागेची गोष्टही हेच सांगते. तापमापकाने मोजलेली पृथ्वीवरची नीचांकी नोंद उणे ८९.२ अंशांची. ती २१ जुलै १९८३ रोजी अंटार्क्टिकाच्या पठारावरील व्होस्टोक केंद्रावर झाली. पुढे उपग्रहांच्या नोंदी तपासून २०१८ साली शास्त्रज्ञ टेड स्कॅम्बोस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, पठाराच्या सर्वांत उंच भागात बर्फाचा पृष्ठभाग उणे ९८ अंशांपर्यंत उतरतो. मला यातले आकड्याहून ठिकाण महत्त्वाचे वाटते. या जागा पठाराच्या कण्याच्या, म्हणजे सर्वांत उंच कडेच्या, माथ्यावर नाहीत. माथ्यापासून किंचित खाली, दोन-तीन मीटर खोलीच्या उथळ खळग्यांमध्ये त्या आहेत. थंड हवा पाण्यासारखी ओघळत येते आणि खळग्यात साचते. नुसत्या उंचीने थंडी ठरत असती तर नीचांक माथ्यावर सापडला असता.

ही थंड हवा काही ठिकाणी साचत नाही, वाहते. पठारावरून किनाऱ्याकडे उतार लागला की ती घसरत सुटते. संशोधक-प्रवासी डग्लस मॉसन यांच्या तुकडीने १९१२ पासून दोन वर्षे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील केप डेनिसनला मुक्काम केला, तेव्हा असे वारे महिनोन्महिने त्यांच्या झोपडीवर आदळत होते.

विपरीततेचा सर्वांत विलक्षण पुरावा मला वाटतो तो उपकरणांच्या कितीतरी आधीचा. डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स आणि त्यांचे साथीदार १५९६ च्या हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटावर अडकले. लाकडी घर बांधून त्यांनी काळोख काढला. २४ जानेवारी १५९७ रोजी त्यांच्यातल्या हेरिट द वेर आणि आणखी दोघांना क्षितिजावर सूर्याची कड दिसली. बारेंट्स यांचा विश्वास बसेना, कारण गणिताप्रमाणे सूर्य यायला अजून दोन आठवडे होते. तीन दिवसांनी तो पुन्हा दिसला. दिवसांची मोजणी चुकली असावी, असा संशय त्यांच्यावर पुढे शतकानुशतके राहिला. माणसे खरे सांगत होती. सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाच्या सुमारे पाच अंश खालीच होता. खाली गार-घट्ट आणि वर उबदार-विरळ अशा थरांत सापडलेला प्रकाश पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वाकत वाकत शेकडो किलोमीटर आला होता. आज याला 'नोवाया झेम्ल्या परिणाम' म्हणतात. तापमापक बाजारात यायच्या आधी, उपाशी आणि आजारी माणसांनी नुसत्या डोळ्यांनी घेतलेली ही तापमानाच्या विपरीततेची नोंद आहे, आणि ती वाचली की माझा हात आपोआप जोडला जातो.

आता जरा वर जाऊ. तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, वर जावे तसे तापमान घटते आणि त्यावरच्या स्थितांबरात ते वाढते, असे आपण शिकतो. स्थितांबरातली वाढ ओझोनमुळे असते: तो सूर्याचे अतिनील किरण शोषतो आणि हवा तापवतो. पण तिथेही सूर्य हवाच. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात तो नसतो, म्हणून तपस्तब्धीची, म्हणजे या दोन थरांमधली, सीमा धूसर होते आणि तापमान पुढेही उतरतच राहते. सुमारे २० किलोमीटरवर ते उणे ८५ अंशांच्याही खाली जाते. म्हणजे ध्रुवीय रात्रीत पाठ्यपुस्तकातल्या दोन्ही रेषा उलटतात. जिथे घट सांगितली तिथे वाढ, जिथे वाढ सांगितली तिथे घट. कारण दोन्हीकडे एकच, हरवलेला सूर्य.

वरच्या या थंडीचे परिणाम आपण सगळ्यांनी ऐकले आहेत, फक्त दुवा जोडला जात नाही. स्थितांबरात उणे ७८ अंशांच्या खाली विशिष्ट ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर निरुपद्रवी स्वरूपातले क्लोरिन विघातक रूप घेते, आणि वसंतात पहिले ऊन पडताच ओझोनचा फडशा पडतो. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी १९८५ साली अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या नोंदींतून दाखवलेली ओझोनची घट ती हीच.

आर्क्टिकमधली विपरीतता एवढी तीव्र नसते, कारण बर्फाखाली समुद्र आहे आणि भेगांमधून त्याची ऊब वर येत असते. तरी ती आपल्या भविष्याशी जास्त निगडित आहे. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला. वितळणारा बर्फ हे त्याचे कारण आपण वाचतो. तळाच्या गार हवेवर झाकणासारख्या बसलेल्या उबदार थराचे कारण क्वचितच वाचायला मिळते. उष्ण कटिबंधात वाढलेली उष्णता उंच ढगांबरोबर वर पोहोचते, वरची हवा जास्त तापते आणि अवकाशात जास्त उष्णता सोडते. आर्क्टिकमध्ये स्थिर हवेच्या झाकणाखाली ती उष्णता तळाशीच कोंडून राहते आणि पृष्ठभाग तापत राहतो. उंचीबरोबर तापमान कसे बदलते हा परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न वाटतो, पण कोणता समुद्र किती लवकर बर्फाविना उघडा पडेल याचा हिशेब त्याच्याशी बांधलेला आहे.

म्हणून एक विनंती. पुरवणीच्या पुढच्या अंकात या लेखाची दुरुस्ती छापताना शेजारी दोन आलेख द्यावेत: एक समशीतोष्ण प्रदेशातल्या उन्हाळी दुपारचा, दुसरा दक्षिण ध्रुवावरच्या जुलैचा. उभ्या अक्षावर जमिनीपासून २५ किलोमीटरपर्यंतची उंची, आडव्यावर तापमान. आणि दुसऱ्या आलेखातले पहिले पाचशे मीटर वेगळ्या चौकटीत मोठे करून दाखवावेत. एरवी एवढ्या मोठ्या आलेखात ती उजवीकडे वळणारी छोटी रेघ कुणाच्या लक्षातही यायची नाही.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक