छकुली, तुझ्या फोटोबद्दल

प्रिय छकुली,
जयभीम.

फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहिते. तू पाठवलेला फोटो परवापासून डोक्यातून जात नाही. गॉर्डन पार्क्सनं १९५६ मध्ये अमेरिकेत, अलाबामातल्या मोबाइल शहरात काढलेला. (शहराचं नाव मोबाइल! तुझे बाबा अजून हसतात.) जाळीच्या पलीकडे फक्त गोऱ्यांच्या लेकरांचं मैदान, अलीकडे काळी लेकरं, आपल्याकडे पाठ करून. एकाचंही तोंड दिसत नाही, तरी नजर दिसते. पार्क्स स्वतः काळा, पंधरा भावंडांत सगळ्यात धाकटा, हे तूच सांगितलं. तो त्यांच्या मागं उभा राहिला, ते मला पटलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तुझे पणजोबा राळेगावकडून अर्धं पायी, अर्धं बंडीत नागपूरला दीक्षा घ्यायला गेले. आजी सांगायची, लहानपणी वाड्याच्या दाराशी नुसतं पाहत उभं राहिलं तरी हाकलत.

आता तुझ्या सरांचं. 'तुझ्या वस्तीचं दुःख काढ, ते खरं वाटेल,' असं ते म्हणाले? मला राग आला. दुःख काढायचं तर काढ, कोण अडवते! पण आपल्या लेकरांनी तेवढंच काढावं, हे कुणी ठरवलं? मिरगाचे किडे काडेपेटीत भरून तू उशाशी ठेवले होते. 'माय, ह्याले मखमल कोण शिवून देते?' रातभर विचारत होती. ते काढलं तर खोटं वाटेल का?

आणि मी तरी कुठं शहाणी होते. अंगणवाडीत तू माझं चित्र काढलं, तोंड जांभळं. मी खेकसले, 'अंगाचा रंग घे ना.' अंगाचा रंग म्हणजे पेटीतला तो फिक्का गुलाबी खडू. आपल्या घरात त्या रंगाचं कोण आहे, सांग? क्रेयोला नावाच्या खडूच्या कंपनीनं 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, हे नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' केलं म्हणे. मी मात्र परवापर्यंत लेकरांना तेच सांगत होते. तू तेव्हा म्हणाली होती, 'माय, दिवा लावताना तू अशीच दिसते.'

त्या दिवशी मी चित्र चुलीत टाकलं. ते तुला आजवर सांगितलं नव्हतं.

वेचणी सुरू झाली. मामाच्या हाती जवसाची चटणी पाठवते, डबा परत आण.

तुझी माय