इच्छाशक्तीचे श्रेय त्यानेच नाकारले आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत डच जलतरणपटू मार्टेन व्हान डर वेइडन याच्यावरील लेख वाचला. जबर इच्छाशक्तीच्या जोरावर ब्लड कॅन्सरला हरवणारा, असे त्याचे वर्णन त्यात केले आहे. ते खुद्द त्यालाच मान्य नाही, म्हणून हे पत्र.

लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाइलमध्ये पुढे येत असतानाच, २००१ मध्ये, ऐन विशीत त्याला ल्युकेमिया झाला. केमोथेरपी आणि स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर तो वाचला, पुन्हा पोहू लागला. २००८ मध्ये सेव्हिलला २५ किलोमीटरचे विश्वविजेतेपद आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्ण! खुल्या पाण्यातली १० किलोमीटरची शर्यत तेव्हा ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस बराच वेळ आघाडीवर होता. मार्टेनने दम राखून ठेवला आणि अगदी शेवटी त्याला गाठले. वेळ १ तास ५१ मिनिटे ५१.६ सेकंद, डेव्हिस फक्त दीड सेकंद मागे.

त्या सुमारास तो काय म्हणाला, ते लेखात यायला हवे होते. दवाखान्यात पडल्या पडल्या फक्त पुढच्या तासाचा विचार करायची सवय लागली, तो धीर शर्यतीत उपयोगी पडला, हे त्याने सांगितले. पण बरे केले ते डॉक्टरांनी, असेही सांगितले. सकारात्मक विचारांनी माणूस वाचतो हे, कर्करोगातून बरा झालेला अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे म्हणणे त्याला घातक वाटते. कारण मग जे गेले ते मनाने कमी पडले, असा अर्थ होतो.

माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार होता. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘मन घट्ट कर, म्हणजे बरी होशील’ असे सांगून जायचा. शेवटी शेवटी ती मलाच विचारायची, माझे काय चुकते आहे? तिचे काहीच चुकत नव्हते. औषधे लागू पडली नाहीत, एवढेच.

नेदरलँड्सच्या फ्रिस्लंड प्रांतातल्या अकरा गावांना जोडणारा, एरवी बर्फावरून स्केटिंग करत पार करायचा सुमारे २०० किलोमीटरचा जलमार्ग मार्टेनने २०१८ मध्ये पोहायला घेतला. १६३ किलोमीटरनंतर प्रकृतीमुळे थांबावे लागले. पुढच्या जूनमध्ये त्याने तो पूर्ण केला. दोन्ही खेपांना मिळून एक कोटी युरोंहून अधिक निधी उभा राहिला, आणि तो कशासाठी? कर्करोगावरील संशोधनासाठी. आपण कशामुळे वाचलो हे या माणसाला पक्के ठाऊक आहे.

आपल्या अंकात अशा कहाण्या जरूर छापाव्यात. मात्र त्यात रुग्णाला कोणते उपचार मिळाले, किती काळ चालले, हेही लिहावे. तो अंक वॉर्डात खाटेवर पडून वाचणारेही असतात.

– एक वाचक, मिरज