चोरपावलांनी आलेल्या कावळ्यास

प्रिय ले कॉर्बो यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या एका जुन्या कॉम्प्युटर गेमला तुम्ही टोपणनावाने जीवदान दिलंत; तुमचं खरं नाव शोधायचा प्रयत्न मी कधी केला नाही. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, त्याचा मान राखतो. फ्रेंचमध्ये ‘कॉर्बो’ म्हणजे डोमकावळा, आणि निनावी पत्रं धाडणाऱ्यालाही तिकडे हाच शब्द लावतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्याकडे कौलावर कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. माझा पाहुणा तुमच्यामुळे परत आला.

‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा चोराचा गेम १९९८च्या अखेरीस आला. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला मामेभावाच्या कॉम्प्युटरवर मी तो पहिल्यांदा पाहिला. तोवर आम्हाला ठाऊक होते ते बंदूक घेऊन धावायचे गेम. इथे धावलात की पकडले गेलात. पहिलीच कामगिरी लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यातून रत्नजडित राजदंड उचलायची. वाड्याबाहेर दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींवर गप्पा छाटत उभे होते आणि आम्ही दोघं अंधारात श्वास रोखून ऐकत होतो. मागच्या विहिरीच्या वाटेने आत शिरलो. गालिचावर गॅरेटच्या, म्हणजे आम्ही चालवत होतो त्या चोराच्या, पावलांचा आवाजच नाही; फरशीवर पाय पडला मात्र, टक् टक् टक्! कीबोर्ड भावाच्या हातात होता, तरी मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो, जणू माझेच पाय वाजतील.

आजही मला या गेमचं मोठेपण त्या टक् टक्मध्येच दिसतं. पडद्याच्या तळाशी असलेला मणी तुम्ही किती उजेडात आहात ते सांगतो, पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, दोराचा बाण लाकडात रुततो पण दगडात नाही, हे सगळं आहेच. पण खरी कमाल आवाजाची. हा गेम बनवणाऱ्या लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या मंडळींनी आवाजाला वाट दिली. तो भिंतीतून आरपार येत नाही, दारांतून, बोळांतून वळसे घेत येतो. त्यामुळे शेजारच्या दालनात गुणगुणणारा पहारेकरी जवळ येतोय की लांब जातोय, हे न बघता कळतं. दाराला टेकून पलीकडचं बोलणं ऐकता येतं. भिंतीला कान असतात ही म्हण आपण नुसती वापरतो. इथे ती खरी होते, आणि दोन्ही बाजूंनी, कारण पहारेकऱ्यालाही तुम्ही तसेच ऐकू येता. सर्वांत कठीण पातळीवर तर त्या वाड्यात कुणाला ठार मारायचंच नाही. चोरी करायची, रक्त सांडायचं नाही. तेव्हा मला ही अट जाचक वाटली होती. आता वाटतं, हीच या गेमची सभ्यता.

मार्च २००० मध्ये ‘थीफ २’ आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्टुडिओ बंद पडला. आमचेही कॉम्प्युटर बदलत गेले. नव्या प्रोसेसरवर थीफ मध्येच गोठायचा. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्याला प्रोसेसरच्या एकाच कोअरला, म्हणजे गाभ्याला, बांधून ठेवावं लागायचं. कधी मधले व्हिडिओच चालायचे नाहीत. सगळ्यात जिव्हारी लागायचं ते म्हणजे अंधारात पडणारे रंगांचे पट्टे. ज्या गेमचा जीव काळोखात, त्याचाच काळोख विटलेला! शेवटी मी सीडी जुन्या वह्यांच्या खोक्यात ठेवून दिली.

मग सप्टेंबर २०१२. स्टुडिओ बंद पडून एक तप उलटल्यावर, फ्रान्सच्या एका इंटरनेट कट्ट्यावर, ना गाजावाजा ना खरं नाव, तुम्ही ‘थीफ २’साठी पॅच, म्हणजे गेम दुरुस्त करणारी फाइल, ठेवून गेलात. ‘सिस्टिम शॉक २’ या दुसऱ्या गेमलाही त्यातून नवं आयुष्य मिळालं, कारण इंजिन, म्हणजे गेम चालवणारा आतला प्रोग्राम, तेच. पुढे पहिल्या थीफलाही ते मिळालं. रुंद पडदा, ३२ बिट रंग, अनेक कोअरवर सुरळीत चाल. एक पैसा न घेता. आणि एकदा ठेवून विसरलात असंही नाही, सुधारणा वर्षानुवर्षं येत राहिल्या.

तुम्ही इंजिनाच्या जुन्या मर्यादाही सैल केल्यात, म्हणून चाहत्यांना स्वतःच्या मोहिमा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या रचता आल्या. २०२३ साली, थीफला २५ वर्षं झाली तेव्हा, ‘द ब्लॅक परेड’ ही दहा कामगिऱ्यांची मोहीम आली. त्यातल्या एका गल्लीत मी नुसता उभा राहून तासभर ऐकत होतो. खिडक्यांमागचे आवाज, दूरची पावलं. इतकी मेहनत माणसं अजून या गेमवर घेतात, आणि त्या मेहनतीला उभं राहायला जमीन तुम्ही दिलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी. तुमचा पॅच टाकला त्या रात्री बॅफर्डचा वाडा पुन्हा उघडला. पट्टे नाहीत, अंधार पहिल्यासारखा गडद. मी मामेभावाला फोन लावला. तो आता मस्कतला असतो. बोलणं वर्षाकाठी दिवाळीपुरतंच उरलं होतं. काहीच न सांगता मी फोन स्पीकरजवळ धरला. पहारेकऱ्यांच्या गप्पा सुरू झाल्या. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो अगदी हळू आवाजात, जणू कुणी ऐकेल म्हणून, म्हणाला, “समोरून नको जाऊस. मागं विहिरीकडं वळ.”

आपला,
मिरजेच्या त्या सुट्टीतला एक मुलगा