पूल मोटर उचलत नाही, काका

शिकागो, 14 एप्रिल

तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार,

इथे जहाजांना वाट द्यायला नदीवरचे पूल रस्त्यासकट वर उघडतात, हे ऐकून फोनवर तुम्ही विचारलंत, "अख्खा रस्ता उभा करायला मोटर केवढी लागते रे?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. खरं म्हणजे मोटर पूल उचलतच नाही. आपल्या वाडीतल्या विहिरीवरची लाट आठवा. मागच्या टोकाला दगड बांधलेला असायचा, म्हणून भरलेलं भांडं सहज वर यायचं. इथे दगडाच्या जागी शेकडो टनांचं काँक्रीट आहे, एवढाच फरक. मिशिगन अव्हेन्यूचा दुमजली पूल 1920 चा आहे. तो उचलायला शंभरेक हॉर्सपॉवरच्या मोटरा पुरतात. म्हणजे एकेक मोटर साधारण तुमच्या जुन्या एसटीच्या इंजिनाएवढी.

पूर्वी इथल्या शिकागो नदीवर मधल्या खांबाभोवती गोल फिरणारे पूल होते. तो खांब नेमका जहाजांच्या वाटेत यायचा. मग 1902 मध्ये कोर्टलँड स्ट्रीटला आत्ताच्या पद्धतीचा पहिला पूल झाला. दोन काठांना दोन लीफ, म्हणजे पुलाचे दोन उचलते भाग, वाड्याच्या दाराची दोन कवाडं आडवी टाकावीत तसे. प्रत्येक लीफ ट्रनियन नावाच्या जाड पोलादी आसावर डुलतो. त्याची शेपटी रस्त्याखाली एका खड्ड्यात असते आणि शेपटीला काउंटरवेट, म्हणजे तेच तोलाचं काँक्रीट. पुढचं टोक वर गेलं की काउंटरवेट खड्ड्यात उतरतं. मोटर, गिअर, पिनियन (छोटं दातेरी चाक) आणि ते ज्यावर चालतं ती दातेरी रॅक यांचं काम एवढंच, की या डोलणाऱ्या वजनाला थोडा धक्का द्यायचा आणि वेळेवर थांबवायचं.

त्यामुळे इथल्या देखभालीत पहिला प्रश्न कायम तोलाचा. पुढची बाजू मुद्दाम किंचित जड ठेवतात, म्हणजे बंद पूल आपोआप बंदच राहतो. हा जडपणा जास्त झाला तर मोटर धापा टाकते, कमी झाला तर पूल उठायला बघतो. काउंटरवेटमध्ये कप्पे असतात. त्यांत ठोकळे घालून-काढून तोल साधायचा. आणि तोल बिघडायला काहीही पुरतं: नवा डेक (पुलावरचा रस्ता), बदललेला कठडा, जुन्यावर चढवलेले रंगाचे थर, ओलं बर्फ.

तोल मोजायची युक्ती तुम्हाला आवडेल. पिनियनच्या शाफ्टवर स्ट्रेन गेज, म्हणजे शाफ्टला बसणारा पीळ मोजणारी पट्टी, चिकटवून पूल एकदा वर आणि एकदा खाली न्यायचा. समजा वर जाताना 50 इतका जोर लागला आणि खाली आणताना उलट दिशेने 20. बेरजेचं निम्मं 35, ते घर्षण. फरकाचं निम्मं 15, तो पुढच्या बाजूचा जडपणा. पुढच्या वर्षी घर्षण वाढलेलं दिसलं तर ग्रीसगन घ्यायची, जडपणा बदललेला दिसला तर ठोकळे हलवायचे. नुसते मोटरचे अँपिअर बघून हे दोन वेगळे करता येत नाहीत, आणि मग भलत्याच ठिकाणी दुरुस्ती होते.

तोलाशी खेळलं तर काय होतं, हे या शहराने 20 सप्टेंबर 1992 रोजी पाहिलं. मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाचं काम चालू होतं. एका लीफवरचा रस्ता उखडलेला, त्यामुळे पुढची बाजू हलकी झालेली. तो लीफ अचानक उसळून उभा राहिला, वरची क्रेन कोसळली आणि तिचा लोखंडी गोळा एका मोटारीच्या मागच्या काचेतून आत गेला. माणसं जखमी झाली. डेक उखडायच्या आधी काउंटरवेटचा हिशेब करायचा आणि लीफ खाली बांधून ठेवायचा, हा नियम म्हणूनच इतका कडक.

खड्ड्याचंही तसंच. तो नदीच्या पातळीखाली असतो, पाणी झिरपतच राहतं, म्हणून ते उपसणारा संप पंप कायम चालू लागतो. पंप बंद पडला आणि काउंटरवेट पाण्यात उतरलं, तर बुडालेल्या काँक्रीटचं जवळजवळ चाळीस टक्के वजन पाणीच तोलून धरतं. ऐन उचलताना मागची बाजू हलकी होते, मोटरवर भार येतो आणि ब्रेकर उडतो. हिवाळ्यात तेच पाणी गोठलं तर काउंटरवेट बर्फावर टेकतं आणि पूल अर्ध्यातच थांबतो. खड्ड्यात माणूस उतरण्याआधी वीज तोडून कुलूप घालायचं, लीफ अडकवून ठेवायचा आणि वर-खाली किती जण आहेत ते मोजायचं. यात सवलत नाही.

आता ग्रीस, म्हणजे तुमचा प्रांत. एसटीचं चाक गरगर फिरतं. ट्रनियन पाव फेरासुद्धा धड फिरत नाही, आणि तोही अगदी सावकाश. त्यामुळे आस आणि त्याभोवतीच्या ब्राँझच्या बुशमध्ये (नळीसारख्या अस्तरात) तेलाचा तरंगता थर कधी तयारच होत नाही, सगळा भार खोबणीतल्या ग्रीसवर. पूल बंद ठेवून ग्रीस भरलं तर ते ज्या बाजूला भार नाही तिथून बाहेर पडतं आणि दाबाखालची बाजू कोरडी राहते. म्हणून लीफ हलवत हलवत भरायचं, कडेने जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत. एखाद्या निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, ग्रीस आत जातच नसेल तर खोबण बुजली आहे. ती मोकळी न करता पुढे गेलात तर बुश ओरबाडला जातो, आणि उचलताना जी किंकाळी ऐकू येते ती लांबून येणाऱ्या लोकल गाडीसारखी वाटते.

उघड्या रॅकवर तर मिठाचाही मारा. बऱ्याच पुलांचा डेक पोलादी जाळीचा आहे. वजन कमी आणि बर्फ खाली पडून जातं हा फायदा, पण रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि कचही तिथूनच गळते. ती जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरच झाला म्हणायचा. आधी दात खरवडून पुसायचे, मगच नवं लावायचं. त्यावरच थर चढवत जाणं हा निव्वळ आळस.

मधला जोड आणखी नाजूक. दोन टोकांना जोडणारं सेंटर लॉक झिजलं की बस जाताना एक टोक दबतं, दुसरं मागे राहतं आणि 'टक' आवाज येतो. मागे, आसाजवळ, लीफ ज्या आधारावर बसतो तिथे फट पडली तर रहदारीचा भार गिअरच्या दातांवर जातो, आणि ते त्यासाठी बनवलेले नाहीत. पातळ पत्र्याच्या शिम घालून फट भरायची. पुलाखाली उभं राहून ट्रक जाताना नुसतं ऐकलं तरी बरंचसं कळतं.

एवढं सगळं ठीक असूनही पूल उघडला नाही, तर माझा पहिला संशय लिमिट स्विचवर, म्हणजे एखादा भाग जागेवर पोचल्याचं कळवणाऱ्या बटणावर. क्रम पक्का बांधलेला आहे: सिग्नल लाल, फाटकं खाली, लॉक बाहेर, ब्रेक मोकळे, मग मोटर. फाटक खाली आलेलं डोळ्यांना दिसतं, पण गंजलेला स्विच 'आलं' म्हणत नाही, आणि पुढचं सगळं अडतं. दोन रुपयांच्या किल्लीने अख्खा वाडा अडावा तसं.

उन्हाळ्यात पोलाद फुगतं. समजा 40 मीटरचा लीफ 30 अंशांनी तापला, तर तो सुमारे 14 मिलिमीटर लांबतो. दोन्ही मिळून 28-29. मधली फट तेवढी नसेल तर टोकं एकमेकांत रुततात. न्यूयॉर्कला 8 जुलै 2024 रोजी थर्ड अव्हेन्यूचा फिरता पूल उन्हाने असाच अडकला, आणि अग्निशमनच्या बोटींनी त्यावर पाणी मारलं.

आता हंगाम सुरू होतोय. हिवाळ्यात नदीकाठच्या यार्डात ठेवलेल्या शिडाच्या बोटी मिशिगन सरोवरात जायच्या आहेत. प्रत्येक पुलावर कायमचा माणूस नसतो. दोन-तीन टोळ्या एकेक पूल उघडून, बंद करून, गाडीने पुढच्या पुलावर पळतात.

आणि हो, रामेश्वरला जाताना तुम्ही जो जुना पांबन पूल पाहिलात, त्याचा उघडणारा भाग शेर्झर पद्धतीचा, म्हणजे आसावर न डुलता मागे लोळत उघडणारा. ती पद्धत याच शिकागोची. फक्त तिथे माणसं हाताने यंत्र फिरवून तो उघडायची.

वर्कशॉपमध्ये बुजलेली ग्रीसची खोबण तुम्ही बुश न काढता कशी मोकळी करत होतात, ते सविस्तर लिहून पाठवा. इथे गरम तेल दाबाने सोडून बघतात, पण दर वेळी जमतंच असं नाही. काकूंना नमस्कार.

आपला,
बाळू