हॅमॉकला दोरी नको, रुंद पट्टे घ्या आणि ढील ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्याच्या पुरवणीत थंडीतल्या कॅम्पिंगवरचा लेख वाचला. छानच होता, टेंट, स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प सगळ्याबद्दल नीट लिहिलंय, पण हॅमॉकबद्दल, म्हणजे दोन झाडांमध्ये लटकवून झोपायच्या कापडी झोळीबद्दल, मात्र एकच ओळ, की दोन झाडं बघा, घट्ट बांधा आणि मस्त झोपा. ते 'घट्ट' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण पहिल्यांदा हॅमॉक लावणारा प्रत्येक जण नेमकं तेच करतो आणि त्यातूनच पाठ धरते, दोरी तुटते, झाडाचं नुकसान होतं ते वेगळंच.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये दरवर्षी नवीन मुलंमुली येतात. दिवाळीनंतर भंडारदरा, पवना, नाहीतर मग कोकणात किनाऱ्यावर. हल्ली निम्म्या लोकांच्या सॅकमध्ये हॅमॉक असतोच, हजार रुपयांच्या आत ऑनलाइन मिळतो, कापड बऱ्यापैकी असतं, पण सोबत जी बारीक नायलॉनची दोरी आणि एस आकाराचे हूक येतात ते सरळ बाजूला काढून ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते. कापडावर कमी खर्च केला तरी चालेल, लटकवायच्या सामानावर नको.

घ्यायचं काय, तर झाडाला बांधायचे रुंद पट्टे. ज्याला शिवून ओळीने लूप केलेले असतात तसले, दोन नग, किमान एक इंच रुंद, दोन इंच मिळाले तर आणखी चांगलं, आणि लांबी प्रत्येकी नऊ-दहा फूट. पट्टा खोडाभोवती फिरवायचा, एक टोक त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाच्या लूपमधून ओढून घ्यायचं, की झालं, झाडावर गाठ मारायची गरजच नाही. मग हॅमॉकचं कॅराबिनर, म्हणजे दाबून उघडणारी धातूची कडी, हव्या त्या लूपमध्ये अडकवा. उंच झालं तर पुढचा लूप, खाली लोंबलं तर मागचा. नवशिक्या माणसाला अंधारात, थंडीने बोटं आखडलेली असताना जमेल अशी याहून सोपी पद्धत मला तरी माहीत नाही. व्हूपी स्लिंग वगैरे दोरीचे प्रकार आहेत, हलके आहेत, लांबी हवी तेवढी कमीजास्त होते, ज्यांना ग्रॅमग्रॅम वजन वाचवायचंय त्यांनी ते पुढे अवश्य शिकावं, पण पहिल्या वर्षी त्यात डोकं घालू नका.

पट्टा घेताना तो पॉलिस्टरचा आहे ना ते विचारा. नायलॉन वजनाने लांबतं, ओलं झालं की जास्तच, म्हणजे रात्री दीड फूट उंचीवर झोपलेला माणूस पहाटे दवात भिजलेल्या पट्ट्यामुळे जमिनीला टेकलेला असतो. आणि कॅराबिनर म्हणजे किल्ल्यांना लावायचं रंगीत खेळणं नव्हे. क्लाइंबिंगच्या दुकानात मिळतं ते घ्या, त्यावर 20-22 किलोन्यूटन असं कोरलेलं असतं, एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ शंभर किलोचा भार, म्हणजे भरपूर झालं.

आता त्या 'घट्ट'बद्दल. माझं वजन सत्तर किलो धरा. पट्टा आडव्या रेषेपासून 30 अंशांत खाली उतरत असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यावर प्रत्येकी सत्तर किलोचीच ओढ येते. तोच पट्टा ताणून 10 अंशांवर आणला तर ओढ होते दोनशे किलो. आणि 5 अंशांवर, म्हणजे जवळजवळ सरळ रेषेत, चारशे! माणूस तोच, वजन तेच, फक्त आपण जोर लावून ताणलंय म्हणून पट्टा, शिलाई, कॅराबिनर आणि ते झाड सगळ्यांवर सहापट भार. शिवाय ताणलेल्या हॅमॉकच्या कडा दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, खांदे आवळले जातात आणि कूस बदलली की बाहेर. आपल्याकडे तान्ह्या बाळाची साडीची झोळी कशी खोल बांधतात, तसाच खोलगट लावायचा आणि त्यात सरळ न झोपता थोडं तिरकं झोपायचं, डोकं एका बाजूला पाय दुसऱ्या बाजूला, मग पाठ आपोआप सपाट होते. पाठ दुखते म्हणून हॅमॉक विकून टाकलेल्या कित्येकांना हे तिरकं झोपणं कोणी सांगितलेलंच नसतं.

तीस अंश मोजायला काही लागत नाही. हाताचं पिस्तूल करा, तर्जनी आडवी, अंगठा उभा, आणि तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ होते ती पट्ट्याच्या उताराशी जुळवून बघा, जवळपास बरोबर येतं. झाडांमधलं अंतर बारा ते पंधरा फूट असावं, अंतर जास्त असेल तर पट्टा वर बांधावा लागतो, पंधरा फुटांना साधारण डोक्याच्या उंचीवर. आपण बसल्यावर बूड खुर्चीइतकं, म्हणजे दीड फूट वर राहिलं की थांबा, त्याहून उंच कशाला हवं. आणि बसताना आधी हाताने दाबून मग हळूहळू वजन टाका, पहिल्यांदा पट्टा थोडा बसतोच.

दोरी नको म्हणते ते फक्त आपल्यासाठी नाही. कोकणात एका किनाऱ्यावर सुरूच्या बनात बघितलेलं खोड अजून डोळ्यासमोर आहे, छातीच्या उंचीवर सालीची खपली गोलाकार निघालेली, आत लालसर ओला पट्टा, आणि त्यात रुतून बसलेला निळ्या दोरीचा तुकडा, गाठीसकट, सोडवायचाही कंटाळा केलेला. सालीच्या लगेच आतून झाडाचं अन्न मुळांकडे जातं, बारीक दोरीवर माणसाचं वजन आलं की तोच थर चिरडतो, आणि दर शनिवार-रविवारी नवीन ग्रुप त्याच सोयीच्या दोन झाडांना बांधत असेल तर ते झाड किती दिवस सहन करणार. पुण्यात लोकांनी झाडांना ठोकलेले खिळे उपटायची मोहीम काढली, मग जंगलात जाऊन आपणच झाडाला फास लावायचा का? रुंद पट्ट्याने तोच भार पसरतो.

झाड निवडताना जिवंत आणि मांडीपेक्षा जाड खोड बघा. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा ही चांगली. शेवगा अजिबात नको, लाकूड ठिसूळ, कट्टकन मोडतो. वाडीतल्या पोफळी दिसायला छान सरळ पण बारीक, वाकतात, आणि नारळाखाली झोपायचं धाडस कोकणातला माणूस कधी करणार नाही. वठलेल्या झाडाच्या तर सावलीतही नको. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर केवढी झाडं पाडली आपण बघितलंय, त्यामुळे वाळू वाहून जाऊन मुळं उघडी पडलेल्या पुढच्या रांगेतल्या सुरूला बांधू नका, आत या. आंब्यावर पानं चिकटवून केलेली लाल मुंग्यांची घरटी आहेत का ते वर मान करून बघा. देवराईत काहीच बांधायचं नाही, आणि काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याकडे गेलात तर ज्या झाडांवर काजवे जमतात ती सोडून द्या.

आणि फार्महाऊसवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, पडवीच्या विटांच्या खांबाला किंवा कंपाउंडच्या भिंतीला हॅमॉक लावू नका. तो खांब वरचा भार पेलायला बांधलेला असतो, आडव्या ओढीसाठी नाही, आणि वर सांगितलेली दोनशे-चारशे किलोची ओढ आडवीच असते. त्यात दोन-तीन पोरं एकदम बसून झोके घेतात. खांब येतो तो झोपलेल्याच्या अंगावर येतो. तिथे झाड नसेल तर हॅमॉक नको, चटई टाकून द्या.

पावसाची सर आली तर पट्ट्यावरून पाणी ओघळत थेट अंथरुणात येतं, त्यासाठी कॅराबिनरच्या थोडं अलीकडे, झाडाच्या बाजूला, पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधून ठेवा, पाणी तिथूनच गळतं.

पत्र लांबलंय, हवं तर काटछाट करा, पण 30 अंशांचा आणि विटांच्या खांबाचा मुद्दा कापू नका ही विनंती. आणि जागा असेल तर सोबत पट्ट्याच्या उताराचं एक छोटं चित्रही छापा, मुलं ते फोनमध्ये काढून ठेवतील.

आपली,
एक वाचक, ठाणे