चिपळूणच्या रेडिओ सेटला वीज कुठली द्यायची?

कराड,
रविवार रात्र

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचं, लायसन्स आल्याचं तुझं पत्र काल मिळालं. ते मी दोनदा वाचलं आणि घरातही मोठ्यानं वाचून दाखवलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं, तुमच्याकडचे फोन बंद होते आणि मी इथे बसून तुझा नंबर लावत होतो. तुझा आवाज कानावर पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या पावसानंतर तू परीक्षेला बसायचं ठरवलंस आणि शेवटाला नेलंस, याचा मला फार अभिमान वाटतो. त्यात आयकॉम ७१८ सारखा बोलायचा-ऐकायचा चांगला रेडिओ सेट जुन्यात मिळाला, हे तर सोन्याहून पिवळं.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘सेटला वीज द्यायला सीसीटीव्हीचा बारा व्होल्ट तीस अँपिअरचा सप्लाय स्वस्तात मिळतोय, तोच आणतो.’ हे लांबलचक पत्र त्या एका ओळीसाठी आहे. थोडा थांब, आणू नकोस.

तुझ्या सेटला १३.८ व्होल्ट लागतात. गाडीचं इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण इतकेच व्होल्ट असतात, आणि असले सेट त्याच हिशोबानं बनवलेले असतात. नुसतं ऐकताना तो सव्वा-दीड अँपिअर घेतो. पण बटण दाबून पूर्ण १०० वॅटवर बोलायला लागलास की तोच २० अँपिअरपर्यंत खेचतो. व्होल्टेज १५ टक्के खालीवर झालेलं कंपनीला चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. तो सीसीटीव्हीचा डबा बाराला लावलेला येतो. कडेचा प्रीसेट, म्हणजे व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू, पिळून बरेचदा तो १३.८ ला आणता येतो, हे मान्य. पण लेबलवरचे ३० अँपिअर बारा व्होल्टचे, म्हणजे ३६० वॅट. १३.८ ला तेच २६ होतात, तेही लेबल खरं असेल तर.

अँपिअर कसेही जमवशील, माझी खरी तक्रार गोंगाटाची आहे. तो डबा स्विचिंग जातीचा, आणि स्विचिंग सप्लायमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा कापली जाते. फिल्टर नीट नसेल तर त्याची किरकिर थेट आपल्या ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, येऊन बसते. माझ्याकडे असाच एक होता. ऐन सकाळी, हॅम मंडळी बँडवर जमायच्या वेळी, सिग्नलची ताकद दाखवणारा सेटवरचा मीटर नुसत्या गोंगाटानं एस-सातला चिकटलेला आणि कानात मधमाशांचं पोळं. एक दिवस लाईट गेली म्हणून सेट बॅटरीवर टाकला. मीटर एस-तीनवर उतरला आणि त्या शांततेत गोव्याचं एक स्टेशन मला हाक मारत होतं. किती दिवस मारत असेल कुणास ठाऊक! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पुरात कुणी पाच वॅटवर मदत मागत असेल आणि तुला तुझ्याच सप्लायमुळे ऐकू येणार नसेल, तर लायसन्स घेऊन काय करायचं?

‘मग ट्रान्सफॉर्मरवाला घेतो’ म्हणशील. तो म्हणजे लिनिअर सप्लाय, वीज न कापणारा. तो शांत असतो, यात वाद नाही. पण माझा पहिला सेट लिनिअरनंच मारला. एका कारखान्यातून बांधून घेतला होता, उचलताना कंबर धरायची इतका जड. आत ओळीनं २एन३०५५ जातीचे मोठे ट्रान्झिस्टर बसवलेले. मे महिन्यातली रात्र होती, हीटसिंकला हात लावता येत नव्हता, आणि मी बोलतच राहिलो. त्यातला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. त्या ट्रान्झिस्टरच्या अलीकडे वीसच्या वर व्होल्ट असतात, ते सगळे सरळ सेटमध्ये घुसले. डिस्प्ले एकदा लखकन उजळला, मग जळक्या वार्निशचा वास, मग काही नाही. सप्लायमध्ये क्रोबार नव्हता. क्रोबार म्हणजे आउटपुटवर बसवलेला एक एससीआर, एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच. व्होल्टेज पंधराच्या वर गेलं की तो आउटपुट शॉर्ट करतो, फ्यूज उडतो आणि सेट वाचतो. एवढ्याशा भागाच्या बचतीपायी माझा सेट गेला. म्हणून लिनिअर घेतलास तर आधी विचार, ‘क्रोबार आहे का?’ विकणाऱ्याला शब्दच माहीत नसेल तर उठून चालायला लाग.

तुझ्यासाठी माझं मत स्विचिंगचंच आहे, पण रेडिओसाठी म्हणून बनवलेलं. सतत २५-३० अँपिअर देणारं, ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेलं. लेबलवर ‘पीक’चा आकडा मोठा लिहितात, तू ‘कंटिन्युअस’चा बघ. तुझ्या दमट हवेत पंख्याची जाळी मधूनमधून साफ करावी लागेल, तेवढं कर.

घ्यायच्या आधी दुकानातच तपास. गाडीचे ५५ वॅटचे चार हॅलोजन बल्ब घे आणि फरशीवर ठेवून एकेक करून जोड. चारही एकदम लावलेस तर थंड फिलामेंटच्या झटक्यानं सप्लाय बंद पडेल. चार पेटले की वीसेक अँपिअर झाले. अर्धा तास तसंच चालू दे, मल्टीमीटर टर्मिनलवर ठेव. साडेतेराच्या खाली आलं तर नको. शेजारी शॉर्टवेव्हचा छोटा रेडिओ ७ मेगाहर्ट्झच्या आसपास लावून ठेव. किरकिर असेल तर तोच सांगेल.

वायरीत काटकसर करू नकोस. दोन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं. अडीच स्क्वेअर एमएम वापरलीस तर २० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त वायरीतच जातो, सहाची वापरलीस तर पाव.

आता बॅटरी. पुरात लाईट जाणारच, तेव्हा सप्लाय कितीही भारी असला तरी ठोकळाच. इन्व्हर्टरची १०० एएचची (अँपिअर-अवरची) ट्यूब्युलर बॅटरी घे आणि माळ्यावर ठेव, वरच्या खिडकीजवळ, कारण ती चार्ज होताना गॅस सोडते. बोलणं थोडं, ऐकणं जास्त असं धरलं तर सरासरी चार-पाच अँपिअर जातात, म्हणजे अर्धी बॅटरी वापरून दहा तास निघतील. पॉवर २० वॅटवर आणलीस तर आणखी बरेच. १३.८ व्होल्टवर ती कायम फ्लोटला, म्हणजे भरलेलीच राहील अशी जोडून, ठेवता येते, पण उतरलेली बॅटरी सप्लायला थेट जोडू नकोस, ती भसाभसा करंट ओढते. त्यासाठी वेगळा चार्जर. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनललाच लाव, सेटच्या टोकाला नव्हे. मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि घर पेटतं.

जुनं अर्थिंग एकदा बघून घे. तुमच्या जांभ्यात ते उन्हाळ्यात कोरडं पडतं.

शनिवारच्या सकाळच्या एसटीनं मी येतोय. बल्ब, मीटर आणि सहाची वायर घेऊन येईन. माझा जुना शांत सप्लायही आणतो, तुझा येईपर्यंत तो वापर. याला क्रोबार आहे, मी स्वतः बसवलाय. कुंभार्लीचा घाट उतरलो की फोन करतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

७३ (आपल्या हॅम लोकांच्या शुभेच्छा),
तुझा,
नाना