क्रिएटिनिनचा नुसता आकडा पुरेसा नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या अनेक रुग्णांच्या फायलीत जुने रिपोर्ट असतात आणि क्रिएटिनिनसमोर, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या आणि किडनीने गाळून बाहेर टाकायच्या टाकाऊ पदार्थासमोर, ‘किंचित वाढलेले’ एवढाच शेरा असतो. या पत्राचे कारण तो शेरा आहे.

किडनी निकामी झाली की रक्तात फक्त घाण साचते, असा समज आहे. युरिया साचतो हे खरेच, पण रक्ताची सगळी घडीच विस्कटते. पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असायला हवे; ते ६.५ च्या वर गेले तर हृदय अचानक बंद पडू शकते, आणि आधी काही जाणवेलच असे नाही. आम्ल बाहेर पडत नाही, त्याला आवर घालणारे बायकार्बोनेट घटते. फॉस्फरस चढतो, कॅल्शियम उतरते आणि ते भरून काढण्यासाठी शरीर हाडे पोखरू लागते. तांबड्या पेशी बनवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीतच तयार होते. ते आटले की हिमोग्लोबिन घसरते. अशा माणसाला महिनोन्‌महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, याचा मला फार त्रास होतो. डायलिसिसचे मशीन पोटॅशियम काढते, युरिया काढते. संप्रेरक त्याला बनवता येत नाही.

हे सगळे बहुधा उशिरा दिसते. गाळण्याची क्षमता जवळपास निम्मी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या आसपास राहू शकते. शिवाय ते स्नायूंवर अवलंबून असते. क्रिएटिनिन १.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर २५ वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा अंदाजे वेग, मिनिटाला ७८ मिलिलिटरच्या आसपास निघतो. ६५ वर्षांच्या बाईचा जेमतेम ४५. तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार. रिपोर्टवर मात्र दोघांनाही तोच शेरा!

म्हणून मागणी अशी, की प्रत्येक लॅबने क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर छापणे बंधनकारक करावे. त्यासाठी जादा रक्त लागत नाही. वय, लिंग आणि एक सूत्र पुरते. आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी, कारण मधुमेहात तरी रक्त बिघडण्याच्या बरेच आधी हे प्रथिन लघवीत उतरू लागते.

आपली नम्र,
डायलिसिस विभागातील एक परिचारिका